अंगठा देऊ नका : मोसम खोऱ्यातल्या मध्यस्थांना, दलालांना आणि ट्रॉलीमालकांना जाहीर इशारा

नामपूरच्या रस्त्यावर मोटारसायकलवाला गेला, की पुढे काय होतं ते आम्हा सगळ्यांना पाठ झालं आहे. रुग्णालयाच्या आवारात गर्दी जमते. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. मग ज्याच्या गाडीने ठोकलं त्याच्याकडून दोन-चार वजनदार माणसं येतात आणि मयताच्या चुलत्याला किंवा मेहुण्याला लिंबाखाली घेऊन जातात. पोस्टमार्टेम उरकायच्या आत बोलणं सुरू होतं. "जे व्हयनं ते व्हयनं, आते मिटाडी टाका." पोरगा काही परत येणार नाही. कोर्टकचेरीत आयुष्य जाईल. मालेगावच्या चकरा कोण मारणार? दीड लाख घ्या, दहावं-तेरावं निघेल. संध्याकाळी पाचशेचा स्टँप येतो आणि जिच्या कपाळाचं कुंकू अजून पुरतं पुसलेलं नाही, त्या बाईचा अंगठा निळ्या शाईत बुडवला जातो.

हा इशारा त्या लिंबाखालच्या माणसांना आहे.

आमच्या गल्लीतल्या एका बाईचं सांगतो. नाव लिहीत नाही, तिला आणखी त्रास नको. नवरा बाजार समितीत हमाल. वय चौतीस. रात्री काम आटोपून घरी निघाला आणि रस्त्यात उभ्या असलेल्या कांद्याच्या ट्रॉलीवर जाऊन आदळला. ट्रॉलीला मागे लाल दिवा नव्हता, चमकणारी पट्टी नव्हती, चाकाखाली दगड तेवढे लावलेले होते. दीड लाखाला मिटलं. नव्वद हजार हातात आले, साठ हजार "पुढच्या कांद्यावर" द्यायचे ठरले. ते आजतागायत आलेले नाहीत. मागे बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई. बोलणं चाललं होतं तेव्हा मी त्याच आवारात उभा होतो. मला कायदा थोडाफार कळत होता, तरी मी तोंड उघडलं नाही. गावात वैर नको, एवढाच विचार केला. ती चूक मी पुन्हा करणार नाही.

आता हिशोब ऐका. सुप्रीम कोर्टाने २००९ च्या सरला वर्मा निकालात आणि ३१ ऑक्टोबर २०१७ च्या प्रणय सेठी निकालात भरपाई मोजायची रीत बांधून दिली आहे. देशभरची न्यायाधिकरणं त्याच रीतीने मोजतात. त्या हमालाची कमाई महिन्याला पंधरा हजार धरा. वर्षाचे झाले १,८०,०००. वय चाळिसाच्या आत आणि पक्की नोकरी नाही, म्हणून पुढे वाढणाऱ्या कमाईचे ४० टक्के मिळवायचे : २,५२,०००. घरात चार माणसं त्याच्यावर अवलंबून होती, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा : १,८९,०००. चौतिसाव्या वर्षाला गुणक १६. गुणाकार होतो तीस लाख चोवीस हजार. पत्नीला जोडीदार, मुलांना बाप आणि आईला लेक गमावल्याबद्दलची रक्कम यात धरलेली नाही. अंत्यविधीचा खर्च आणि दावा दाखल केल्यापासूनचं व्याजही वेगळं. कमाई शाबीत करावी लागते हे खरं. रस्त्यात बिनदिव्याची ट्रॉली उभी करण्यात चूक ट्रॉलीवाल्याची आणि वेगाने येण्यात काही वाटा मोटारसायकलवाल्याचा, असं म्हणून कोर्ट रक्कम कमी करू शकतं, हेही खरं. वाटा निम्मा धरला तरी पंधरा लाख होतात. तुम्ही तिला नव्वद हजार दिलेत.

आणि हे पैसे ट्रॅक्टरवाल्याच्या खिशातूनच जायला हवेत असं नव्हतं. गाडीचा विमा चालू असता तर कंपनीने भरले असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ ने तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला आहे तो याचसाठी. म्हणजे लिंबाखाली बसून तुम्ही वाचवलं कुणाला? विमा असेल तर वाचली विमा कंपनी, नसेल तर वाचला हप्ता चुकवणारा मालक.

मध्यस्थांनो, तुम्ही स्वतःला गावाचे हितचिंतक म्हणवता. म्हणून तुम्ही नेमकं काय करता ते लिहून ठेवतो. निष्काळजीपणाने जीव घेण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली येतो आणि तो आपसात मिटवता येत नाही. तुमच्या पाचशेच्या स्टँपने तो मिटत नाही. गुन्हेगाराला वाचवायला पैसे घेणं कलम २५० खाली गुन्हा आहे आणि देणं कलम २५१ खाली. म्हणजे ज्या घरात प्रेत पडलं आहे, त्याच घराला तुम्ही गुन्ह्यात ओढता आणि वर उपकाराचा आव आणता.

याहून वाईट एक प्रकार आहे. गाडीचा नंबर चार जणांनी पाहिलेला असतो, मालक ओळखीचा असतो, आणि फिर्यादीत लिहायला लावलं जातं : अज्ञात वाहन. या एका शब्दाची किंमत सांगतो. अज्ञात वाहनाने माणूस मेला तर कलम १६१ प्रमाणे १ एप्रिल २०२२ पासून २ लाख रुपये मिळतात, जबर जखमी झाला तर ५० हजार. गाडी खरोखर सापडली नसेल तर हे दोन लाख मोलाचे आहेत. त्यासाठी तहसील किंवा प्रांत कार्यालयात अर्ज करावा, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. पण गाडी माहीत असताना "अज्ञात" लिहायला लावणं म्हणजे पोरक्या मुलांच्या ताटातून पंचवीस-तीस लाख काढून घेणं. अशी फिर्याद लिहायला लावणारा माणूस मला चोराहून हलका वाटतो. चोर निदान तोंड लपवतो.

शेजारच्या देवळा तालुक्यात मेशी फाट्यावर २८ जानेवारी २०२० ला एसटी बस आणि रिक्षा एकमेकांवर आदळून दोन्ही विहिरीत गेल्या. सव्वीस माणसं मेली. तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. पण नामपूर-मालेगाव, नामपूर-सटाणा, नामपूर-ताहाराबाद या रस्त्यांवर माणसं एकेकटी मरतात. पेपरात तीन ओळी येतात. मंत्री येत नाहीत, मदत जाहीर होत नाही. त्या घराला सरकारदरबारी एकच दार उघडं असतं, मालेगावच्या कोर्टातल्या मोटार अपघात न्यायाधिकरणाचं. तेच दार तुम्ही बाहेरून लावता.

आता दुसरी जमात. हॉस्पिटलच्या पायरीवर फाईल घेऊन उभे राहणारे. जखमीला सलाईन लागायच्या आधी यांना बातमी लागते. "क्लेम आम्ही बघतो, तुम्हाला एक रुपया खर्च नाही, निकालानंतर तीस टक्के." मग कोऱ्या वकीलपत्रावर सह्या, बँकेचा कोरा चेक, कधी पासबुक आणि एटीएमसुद्धा. निकाल कधी लागला, किती लागला, हे विधवेला दोन वर्षांनी भलत्याच माणसाकडून कळतं.

यांनी नीट वाचावं. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवता येत नाही आणि दलालामार्फत पक्षकार गोळा करता येत नाहीत. आणि तुम्ही, जे वकीलही नाहीत, तुमच्यासाठी ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये २०२३ च्या दुरुस्तीने कलम ४५-अ आलं आहे. जिल्हा न्यायाधीश अशा दलालांची यादी तयार करून कोर्टात लावू शकतात, आणि यादीत नाव असताना दलाली केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने भरपाईची रक्कम थेट दावेदाराच्या बँक खात्यात जमा करायला सांगितलं आहे. म्हणजे तुमच्या कोऱ्या चेकची कुणालाच गरज उरलेली नाही. प्रामाणिक वकील मालेगावात आणि सटाण्यात आहेत, त्यांच्याविषयी हे नाही. ते फी सांगतात, पावती देतात आणि तारखेला हजर असतात.

ट्रॉलीमालकांनो आणि पिकअपवाल्यांनो, तुम्ही परके नाही. माझ्याच भावकीत चार ट्रॅक्टर आहेत. म्हणून तुम्हाला मुदत देतो आहे. आजपासून तीस दिवस. ट्रॉलीच्या मागे लाल दिवा आणि लाल चमकपट्टी, दोन्ही बाजूंना पट्टी, आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीचा चालू विमा. पट्टीला किती पैसे लागतात ते तुम्हाला माहीत आहे. एका गोणीच्या भावात काम होतं. पंक्चर झाली म्हणून रात्रभर अर्ध्या रस्त्यावर ट्रॉली सोडून घरी जेवायला जाणं बंद. ट्रॉलीत मजूर भरणंही बंद, कारण शेतीच्या ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉलीतला माणूस धरत नाहीत. तो पडला तर भरपाई तुमच्याच अंगावर.

"विमा नाही, मग कोण काय करील?" असं म्हणणारे आहेत. काय करील ते सांगतो. विमा नसेल तर न्यायाधिकरण पूर्ण रक्कम मालकाच्या नावावर टाकतं. ती भरली नाही तर कलम १७४ खाली जिल्हाधिकाऱ्याला दाखला जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. तलाठी तुमच्या दारात येईल. सातबाऱ्यावर बोजा चढेल. डाळिंबाचा मळा लिलावात निघेल. हप्त्याचे काही हजार वाचवायला तुम्ही बापजाद्यांची जमीन पणाला लावता आहात. याशिवाय कलम १९६ चा दंड आणि तीन महिन्यांपर्यंतची कैद वेगळी.

एकतिसाव्या दिवसापासून आम्ही काही नामपूरकर बाजार समितीच्या गेटवर उभे राहू. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विमा कधी संपला ते कुणालाही दिसतं. ज्यांचा संपला असेल आणि ज्यांच्या मागे दिवा नसेल, त्यांची फोटोसह, तारखेसह लेखी तक्रार मालेगावच्या आरटीओ कार्यालयात आणि जायखेडा पोलीस ठाण्यात जाईल आणि तिची पोच आमच्याजवळ राहील. पुढे त्याच ट्रॉलीवर कुणी आदळून मेला, तर ती पोच त्याच्या दाव्यात जोडली जाईल. मालकाला धोका माहीत होता, हे मग वेगळं शाबीत करावं लागणार नाही.

मध्यस्थांना आणि दलालांना मुदत नाही. आजपासून ज्या स्टँपवर तुमची साक्षीदार म्हणून सही सापडेल, त्याची प्रत पोलिसांकडे जाईल. हॉस्पिटलच्या पायरीवर टक्केवारी मागणाऱ्याचं नाव पुराव्यासह नाशिकच्या जिल्हा न्यायाधीशांकडे आणि महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलकडे जाईल. ओळखीचा असला तरी जाईल. नातेवाईक असला तरी जाईल.

जायखेडा ठाण्याविषयी माझी तक्रार नाही, मागणी आहे. १ एप्रिल २०२२ पासूनच्या केंद्रीय नियमांनी पोलिसांवर तारखा बांधल्या आहेत : अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, मधला ५० दिवसांत, सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे. १५ डिसेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने हे नियम काटेकोर पाळायला सांगितलं. पंचनाम्यात ट्रॉलीला दिवा होता की नव्हता, चाकाच्या खुणा कुठे होत्या, हे लिहिलं गेलं पाहिजे. तेवढ्या दोन ओळींवर एका घराचा सगळा दावा उभा राहतो किंवा पडतो.

आता आपल्याच माणसांशी कठोर बोलतो, कारण चूक फक्त त्या बाजूला नाही.

रस्त्यावर एकटी घसरलेली मोटारसायकल पिकअपने ठोकली असं दाखवायचं, ज्याच्याकडे लायसन्स नाही त्या पोराच्या जागी मामाला चालक म्हणून उभं करायचं, हे प्रकार आपल्याकडेही कानावर येतात. उत्तर प्रदेशात खोट्या क्लेमचा एवढा सुळसुळाट झाला की २०१५ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने त्यासाठी विशेष तपास पथक नेमायला लावलं. खोटा क्लेम करणारा दहा खऱ्या विधवांचे दावे संशयात टाकतो. त्याच्या बाजूने आम्ही उभे राहणार नाही. पोलिसांना आम्हीच सांगू.

स्वतःच्या चुकीने पडलेल्याला किंवा त्याच्या घरच्यांना कलम १६६ खाली भरपाई मिळत नाही, हेही कळू द्या. मित्राची गाडी मागून घेतली आणि स्वतः पडलात, तरी तुम्ही मालकाच्याच जागी धरले जाता. तिथे उपयोगी पडतो मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा. म्हणून विमा काढताना तो आहे का ते पॉलिसीवर वाचा. नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा मिळतो, १ सप्टेंबर २०१८ पासून तसा नियमच आहे. पण पाच वर्षं संपल्यावर किती जण तो पुन्हा भरतात? आणि सोळा वर्षांच्या पोराच्या हातात गाडी देणाऱ्या बापाला कलम १९९-अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे. पोरगा कॉलेजला जातो, एसटी वेळेवर येत नाही, सगळं मान्य. तरीही किल्ली देऊ नका. हेल्मेट पेट्रोलच्या टाकीवर ठेवायची वस्तू नाही, हे लिहायचीही वेळ येऊ नये.

तीन सीट बसले होते म्हणून भरपाई नाही, असं कुणी सांगितलं तर मात्र ऐकू नका. तीन सीट बसणं गुन्हा आहे, पण अपघात त्यामुळेच झाला हे शाबीत झाल्याशिवाय भरपाई कापता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलं आहे. फिर्याद उशिरा दिली म्हणूनही दावा आपोआप मरत नाही. उशिराचं खरं कारण सांगता आलं पाहिजे. आणि ड्रायव्हर फौजदारी खटल्यात सुटला म्हणजे भरपाई बुडाली, हेही खोटं. दाव्यात पुराव्याचं माप वेगळं असतं : कोणती गोष्ट जास्त संभवते, एवढंच पाहतात.

घरातली बाई गेली, ती कमावत नव्हती, मग कसला क्लेम, असं बोलणारे तर घरातलेच असतात. पहाटे चारला उठून भाकरी थापणारी, दुपारी कांदे खांडायला जाणारी बाई कमावत नव्हती म्हणे! घरकामालाही किंमत आहे आणि ती भरपाईत धरायचीच, हे सुप्रीम कोर्टाने ५ जानेवारी २०२१ च्या निकालात स्पष्ट केलं आहे.

जखमींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाय गेला आणि डॉक्टरने चाळीस टक्के अपंगत्व लिहिलं, तर कोर्ट चाळीस टक्क्यांवर थांबायला बांधलेलं नाही. धंदा काय होता ते पाहावं लागतं. हमालाचा किंवा ड्रायव्हरचा पाय गेला तर त्याची पूर्ण कमाई गेली असं धरता येतं. म्हणून धंद्याचा पुरावा जपा : माथाडी मंडळाचं कार्ड, बाजार समितीच्या हिशोबपट्ट्या, लायसन्स, मालकाने दिलेला पगाराचा कागद. औषधाची एकही पावती फेकू नका.

आणि मुदत. १ एप्रिल २०२२ पासून कायद्याने दावा दाखल करायला अपघाताच्या तारखेपासून सहा महिने ठेवले आहेत. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे आणि केवळ उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नका असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर झोपू नका. वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू, असं म्हणणारा तुमचा हितचिंतक नाही. विमा कंपनीचा माणूस घरी येऊन कलम १६४ चे पाच लाख लगेच देतो म्हणाला, तर सही करण्याआधी वकिलाला विचारा. ते पैसे चूक कुणाची हे न पाहता मिळतात, पण एकदा स्वीकारले की कलम १६६ चा मोठा दावा संपतो.

दावा अपघात झाला तिथे लावता येतो, तसाच तुम्ही राहता तिथेही. पोरगा पुण्याला किंवा सुरतला कामाला असताना गेला असला, तरी मालेगावच्या न्यायाधिकरणात दाद मागता येते. वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडू नका. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्याने प्रत्येक स्त्रीला, मुलाला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि अपंगाला, उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो. पश्चिम बागलाणातल्या आदिवासी पाड्यांवर ही गोष्ट पोचलेली नाही, ती पोचवायची आहे. कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीत साधा अर्ज द्यायचा, नाहीतर १५१०० या नंबरवर फोन करायचा.

रस्त्यात पडलेला दिसला तर उचला, १०८ ला फोन लावा. कलम १३४-अ प्रमाणे मदत करणाऱ्याला पोलीस नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत. ५ मे २०२५ पासून अपघातातल्या जखमीला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत उपचार रोख न भरता मिळायची केंद्राची योजना आहे. हॉस्पिटलच्या काउंटरवर ती मागा.

ताई, माई, ज्या घरात उद्या ही वेळ येईल, तिथल्या बाईला माझं एवढंच सांगणं आहे. त्या दिवशी तुम्हाला काही सुचणार नाही, ते स्वाभाविक आहे. काही करू नका. फक्त अंगठा देऊ नका. कागद पुढे आला तर म्हणा, आधी फिर्याद, आधी पोस्टमार्टेम, बाकी तेराव्यानंतर. भाऊबंद रागावले तरी हेच म्हणा. गल्लीतल्या कुणालाही निरोप द्या, आम्ही रुग्णालयाच्या आवारात येऊ, तुमच्या शेजारी उभे राहू, आणि मालेगावच्या पहिल्या तारखेला तुमच्याबरोबर एसटीत बसू.